घरच्याच औषधाची बाटली

मी पोटातली जळजळ थांबवणाऱ्या पांढऱ्या औषधाची बाटली. आता रिकामी आहे. तळाशी खडूसारखा वाळलेला थर तेवढा उरलाय.

केवळरामनं मला अड्याळच्या बाजारातून घरी आणलं, ते १९७८ साली. जेवण झालं की त्याच्या छातीत आग व्हायची. चमचाभर घेतलं की ढेकर देऊन म्हणायचा, "थंड वाटलं बा!" मला अभिमान वाटायचा. मीठ-मिरचीच्या डब्यांशेजारी फळीवर माझी जागा ठरली.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलपाण्यात भिजून त्याला ताप भरला. खोकताना छाती दुखू लागली. डॉक्टर घरी आले, निमोनिया म्हणाले, पिवळ्या कॅप्सूल दिल्या. त्याच्या बायकोला, सत्यभामाबाईला त्यांनी विचारलं, "दुसरं कोणतं औषध चालू आहे का?"

"नाही जी."

मी तिच्या पाठीमागेच होते. ती खोटं बोलली नाही. तिच्या लेखी मी औषध नव्हतेच.

कॅप्सूल गेली की केवळरामच्या पोटात आग पडायची. म्हणून ती प्रत्येक कॅप्सूलवर लगेच मला पाजायची. "घ्या जी, जळणार नाही." ताप हटेना. सहाव्या दिवशी धाप लागली. भंडाऱ्याला न्यायला बैलगाडी जुंपली, पण गाडीत निजवण्याआधीच तो गेला.

डॉक्टर धावत आले. खाटेजवळ मला पाहून थबकले. "हे कॅप्सूलसोबत देत होतीस, बाई?"

"तिच्या संगंच. काहून जी?"

त्यांनी मला उचलून हातात घेतलं. "हे त्या औषधाला पोटातच बांधून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. मध्ये दोन-तीन तास जायला हवे होते. कदाचित वाचला असता. मीच जळजळीच्या औषधाचं नाव घेऊन विचारायला हवं होतं."

"पण हे तं घरचंच होतं जी..." ती एवढंच म्हणाली.

त्याला आठ वर्षं झाली. तिची जाऊ शकुनबाई मला फेकायला निघाली, तर सत्यभामाबाईनं हिसकावून घेतलं. दुपारी घर सुनं झालं की ती मला हातात धरते. "तुले सारं दिसत होतं ना? मंग काहून नाही बोलली?" मधेच रिकाम्या खाटेवर कुणी खोकल्यासारखं वाटतं. ती उठून बघते. तो खोकला मलाही ऐकू येतो.

तुमच्याही फळीवर माझ्यासारखी कुणी असेल. डॉक्टरांनी विचारलं तर तिचंही नाव सांगा. मला तोंड आहे, पण ते ओतण्यापुरतंच.