फिल्मवरचा पांढरा ठिपका

उलकान चोवीस वर्षं बिश्केकमध्ये ट्रॉलीबस चालवत होती, आणि तेवढ्या वर्षांत तिच्या गाडीनं कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. त्या मार्चमध्ये मात्र पंधरा दिवसांत दोनदा गाडीचा आरसा उभ्या मोटारींना घासला. पहिल्या वेळी तिनं मोटारवाल्यालाच शिव्या घातल्या, दुसऱ्या वेळी गप्प बसली. आणि मग बाजाराच्या थांब्यापाशी एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन उजव्या फुटपाथवरून रस्त्यात उतरली. उलकानला ती दिसली ती थेट काचेसमोर आल्यावर. उतारू किंचाळले, ब्रेक करकचले, आणि झेयनेप तिकिटांच्या पिशवीसकट पुढच्या दांडीवर आदळली.

"एजे, डोळे घरी ठेवून आलीस का आज?"

झेयनेप अकरा वर्षं त्याच गाडीवर कंडक्टर होती. उलकानहून तीन वर्षांनी लहान, म्हणून थोरल्या बहिणीसारखं एजे म्हणायची. पण जीभ काही धाकटीची नव्हती.

"ऊन डोळ्यांवर आलं," उलकान म्हणाली. त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं.

तिला कळत होतं. गेले कित्येक महिने समोरचं लख्ख दिसे, पण दोन्ही कडांना जणू कुणी पडदे ओढले होते. ती कोंबडीसारखी मान फिरवून फिरवून गाडी चालवत होती. कुणाला सांगितलं तर गाडी जाणार. नवरा वारल्यापासून त्या गाडीनंच तिला उभं ठेवलं होतं. पण ढकलगाडीतल्या बाळाची लाल टोपी काही डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्या दिवशी झेयनेपनं मनगट धरून डॉक्टरकडे ओढलं, तेव्हा तिनं फारसा विरोध केला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. "माझ्या नाकाकडे बघा. बाजूला किती बोटं?"

"दोन," उलकाननं ठोकून दिलं.

"मी हात वर केलाच नव्हता, एजे."

त्यांनी डोक्याचा एमआरआय काढायला पाठवलं. त्या नळकांड्यात ठकठक, घरघर ऐकत उलकान अर्धा तास निपचित पडून होती, आणि आपल्याला नुसता चष्मा लागू दे, असं देवाला विनवत होती. चष्म्यावर भागणार नव्हतं. मेंदूचे सर्जन डॉक्टर कुबात यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि मधोमध पेन्सिल टेकवली. तिथं अक्रोडाएवढा राखाडी गोळा होता.

"ही पिट्यूटरी ग्रंथी. एरवी वाटाण्याएवढी. तिच्यावर ही गाठ वाढलीय. गाठ बहुतेक साधी आहे, पण वर डोळ्यांच्या नसांना रेटतेय. म्हणून कडेचं दिसत नाही. थांबलात तर समोरचंही जाईल."

"डोकं फोडणार?"

"नाही. नाकातून जाऊ."

बाहेर बाकड्यावर झेयनेप वाट बघत होती. "नाकातून?" ती म्हणाली. "मग एवढा खर्च कशाला? चिमूटभर तपकीर ओढ, शिंक आली की गाठ बाहेर!" आणि एवढं बोलून तिनं तोंडाला पदर लावल्यासारखा रुमाल लावला आणि रडायला लागली. उलकानलाच तिची समजूत घालावी लागली.

ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. तिसऱ्या दिवशी उलकान खिडकीकडे तोंड करून पडली होती, तेव्हा डावीकडून कुणीतरी येतंय असं तिला वाटलं. मान न वळवता वाटलं. तिची मुलगी बेगायिम सुपाचं भांडं घेऊन येत होती. उलकान तोंडावरून दोन्ही हात फिरवून दुआ पुटपुटली, एवढंच.

तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढायचा होता. इस्पितळाचं मशीन बंद पडलं होतं, म्हणून ती शहरातल्या एका खाजगी ठिकाणी गेली. तिथं ओळखीसाठी पासपोर्ट मागितला, तो तिनं दिला. ऑपरेशनचे कागद कुणी मागितले नाहीत आणि तिनंही घरून आणले नव्हते. संध्याकाळी रिपोर्ट हातात आला. रशियनमधल्या दाट ओळींत तिला एकच ओळ नीट वाचता आली: चौदा मिलिमीटरची गाठ, उरलेली किंवा पुन्हा वाढलेली असण्याची शक्यता.

तिनं दवाखान्यात फोन केला. डॉक्टर कुबात आईच्या वर्षश्राद्धाला गावी गेले होते. गाव डोंगरात, फोन लागत नव्हता. आठ दिवसांनी येणार होते.

ते आठ दिवस उलकाननं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. बेगायिमला सातवा महिना लागला होता. तिला सांगायची सोय नव्हती. रिपोर्ट तिनं पिठाच्या डब्यामागे खुपसला आणि मुलीसमोर चहा ओतताना हसत राहिली. दर तासाला ती आरशासमोर उभी राही, नाक सरळ धरी आणि दोन्ही बाजूंना बोटं हलवून बघे. सकाळी बोटं दिसत. दुपारी वाटे, उजवं जरा कमी दिसतंय. संध्याकाळी तर खात्रीच होई. बोटं कालच्या जागीच धरलीत ना, म्हणून तिनं भिंतीवर खडूनं खुणासुद्धा केल्या.

"आपा, भिंतीवर हे काय?" बेगायिमनं आईला विचारलं.

"शेल्फ लावायचंय," उलकान म्हणाली.

चौथ्या दिवशी तिनं झेयनेपला सांगितलं. झेयनेपनं रिपोर्ट दोनदा वाचला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "कौलाचे दाणे टाकणारी एक म्हातारी आहे माझ्या ओळखीची. एक्केचाळीस दाण्यांत सगळं सांगते. जाऊ या?"

"काय सांगणार ती? पुढं लांबचा रस्ता आहे म्हणेल. सगळ्यांनाच म्हणते. मी चोवीस वर्षं रस्त्यावरच होते, दाण्यांवाचून."

"बरं, नको जाऊ. पण काहीतरी खा. रडलीयस किती, डोळे बघ."

"डोळेच बघतेय गं दिवसभर," उलकान म्हणाली.

नवव्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच दोघी दारात हजर होत्या. डॉक्टर कुबात उन्हानं रापलेले, अजून गावच्याच चपला घालून आले. त्यांनी रिपोर्ट वाचला, कपाळाला आठ्या घातल्या आणि जुनी व नवी फिल्म पेटीवर शेजारी शेजारी लावली. जुन्या फिल्मवर राखाडी अक्रोड. नव्या फिल्मवर त्याच जागी लहानसा पांढराशुभ्र ठिपका. उलकाननं झेयनेपचा हात इतका आवळला की ती कळवळली.

डॉक्टरांनी फिल्मबरोबर आलेली सीडी संगणकात लावून आणखी चित्रं उघडली. एकापाशी थांबले. तिथं तोच ठिपका काळाकुट्ट होता.

"एजे, ऑपरेशनच्या वेळी मी तुमच्या पोटावर बारीकसा छेद दिला होता, आठवतंय?"

"ठिगळासाठी काहीतरी काढलंत म्हणालात."

"चरबी काढली. गाठ काढली की खाली भोक राहतं, ते चरबीनं बुजवतो. साध्या चित्रात चरबी पांढरी दिसते. हे दुसरं चित्र अशा पद्धतीनं काढतात की चरबी तेवढी काळी पडते. गाठ अशी काळी पडत नाही. म्हणजे ही तुमचीच चरबी. ऑपरेशनचे कागद नव्हते, म्हणून चरबी भरलीय हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना गाठ वाटली."

उलकानला हसू येईना, रडू येईना. आठ दिवस ती पोटाच्या चरबीला घाबरून जगली होती.

झेयनेपला मात्र कंठ फुटला. "डेपोतला साहेब म्हणायचाच, या बाईच्या डोळ्यांवर चरबी चढलीय! मेल्याला फिल्म न बघताच कळलं होतं!"

डॉक्टरसुद्धा हसले. पण हसता हसता त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली. "थांबा. एक गोष्ट सांगायचीय. ही इथं, रक्तवाहिनीला चिकटून, नखाएवढी कड आहे. ही खरी गाठीची. ती ओढली असती तर रक्तवाहिनी फाटली असती, म्हणून मुद्दाम सोडली. वाढेलच असं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

"आणि गाडी?"

त्यांनी तिथल्या तिथं बोटं हलवून दोन्ही डोळे तपासले. डावीकडचं बहुतेक परत आलं होतं. उजवीकडं वरच्या कोपऱ्यात अजून अंधार होता. "स्वतःपुरतं छान दिसेल. पण मागं साठ माणसं घेऊन? नाही, एजे."

उत्तर तिला ठाऊकच होतं. लाल टोपीच्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी जिना उतरताना तिनं कठडा घट्ट धरला.

त्या संध्याकाळी तिनं बेगायिमला सगळं सांगितलं. मुलगी आधी रडली, मग भडकली. "मी पोटुशी आहे, काचेची नाही! पुन्हा कधी असं लपवलंस तर बाळाला तुझ्या मांडीवर देणार नाही." रागारागानं तिनं फडकं ओलं केलं आणि भिंतीवरचा खडू पुसून काढला.

बाळ ऑक्टोबरात झालं, मुलगी. डेपोनं उलकानला गाड्या सोडायच्या खिडकीत बसवलं. पहिले काही दिवस प्रत्येक सुटणाऱ्या गाडीबरोबर तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला जाई. जानेवारीत, बर्फात, ती पुन्हा त्या नळकांड्यात शिरली. या वेळी ऑपरेशनचे सगळे कागद एका फायलीत, वर मोठ्या अक्षरांत 'चरबी भरलेली आहे' असं लिहून. तिथल्या नोंदणीच्या खिडकीतल्या मुलीनं ते वाचून तिच्याकडे चमकून बघितलं.

रिपोर्ट तिनं तिथंच, ओव्हरकोटाची बटणं न लावता, झेयनेपकडून वाचून घेतला. कड होती तेवढीच होती. तिनं लगेच डॉक्टरांना फोन लावला.

"छान," ते म्हणाले. "आता वर्षानं."

"वर्षानं," तिनं झेयनेपला सांगितलं.

"मग आता वर्षभर तरी जेव नीट," झेयनेप म्हणाली आणि तिच्या कोटाची बटणं लावू लागली.