सत्तावीस कोरड्या सह्या

मी एक सह्यांची वही बोलतेय. निळी, जाड पुठ्ठ्याची. सध्या कुवेतच्या शुवैख बंदराच्या गोदामात एका ट्रंकेत पडून आहे, जहाजाची वाट बघत. दुसऱ्याच्या घरातलं बाहेर बोलू नये, कळतं मला. पण चौदा वर्षं त्यांच्याच घरात काढली, तर दिसणार नाही का?

चंद्रहासराव इथल्या एका इस्पितळात लॅब टेक्निशियन. त्यांना नाद अमेरिकेतल्या राज्यांच्या जुन्या गव्हर्नरांच्या सह्यांचा. राष्ट्राध्यक्ष नव्हेत हं, राज्यांचे. पायउतार झालेले, लोक विसरलेले. "मोठ्यांना सगळेच लिहितात. यांना कोण विचारतं?" असं म्हणायचे. पोस्ट बॉक्समध्ये उत्तर आलं की सही माझ्या पानावर चिकटायची आणि दस्मान भागातल्या आमच्या दोन खोल्यांत सण. त्यांची बायको, प्रेमाबाई, लगेच शिरा करायच्या.

शेजारच्या मालनताई नर्स. त्या म्हणायच्या, "भाऊजी, यातला एक तरी गोरा जेवायला येणार आहे का? वहिनी शिरा ढवळून दमली!"

सगळ्यांत लाडकी सही एका ब्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याची. शाईच्या पेनानं, थरथरत्या हातानं केलेली. खाली लिहिलेलं, 'नकाशात तुमचं कुवेत शोधलं.' पुढे महिन्याभरात तो गेला.

मग आला एकोणऐंशीचा दसरा. प्रेमाबाईंनी पाटावर शिवणाची कात्री, मुलीची पुस्तकं मांडली. मलाही मांडलं, नेमकं त्याच पानावर उघडून. हळद-कुंकू वाहिलं, भिजलेल्या फुलानं पाणी शिंपडलं. म्हाताऱ्याची सही बघता बघता निळं डबकं झाली.

"काय केलंस हे!"

"अहो, विद्येची वस्तू ना... म्हणून पुजली."

"विद्या! चौथी नापास, तुला काय कळणार?"

मालनताई ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्यादेखत बोलले.

दुपारी बाई स्वयंपाकघरात होत्या. रावांनी मला मांडीवर घेतलं. बाकीच्या सह्या किती नाजूक आहेत, बघावं म्हणून जिभेला बोट लावून एका सहीच्या कडेवर फिरवलं. शाई हलली नाही. दुसरीवर फिरवलं. नाही. मग दाबून घासलं. सत्तावीसच्या सत्तावीस तशाच कोरड्या, चकचकीत. छापलेल्या होत्या. खरी सही एकच होती, ती वाहून गेली होती.

चहा गार झाला. राव उठले नाहीत.

संध्याकाळी बाईंनी भीत भीत विचारलं, "बाकीच्या वाचल्या ना हो?"

"वाचल्या. तुझा हात लागला नाही म्हणून."

त्यानंतर सात दसरे झाले. पाटावर पुस्तकं असत. पाणी शिंपडायला मात्र बाई मुलीला सांगत. मला तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही. कपाट पुसायच्या, मला वगळून.

आता कायमचं नाशिकला जायचं. परवा सामान बांधताना मला उचलायची वेळ आली, तेव्हा त्यांनी आधी हात पदराला कोरडे पुसले. मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, वरून स्वतःची सुती साडी. मालनताईंना म्हणाल्या, "समुद्राची हवा लागायला नको गं. सत्तावीस राहिल्यात."

प्रेमाबाई, घरी पोचल्यावर माझं एवढं ऐका. एकदा बोट ओलं करा आणि माझ्या कुठल्याही पानावर फिरवा.