नागूबाईला हार घालू नका

मी भिंत बोलतेय. पण बोलण्याआधी एक विचारते, तुमच्या हातात काय आहे? बादली असेल तर ती तिथंच खाली ठेवा. मग या, ऊन फार आहे, माझ्या सावलीला बसा. मात्र टेकायचं असेल तर जरा डावीकडं टेका. उजवीकडची ती गुळगुळीत जागा दुसऱ्या कुणाची तरी आहे.

लोहाऱ्यात जीपगाड्या जिथं उभ्या राहतात, त्याच्या समोर एक बाग आहे. बाग म्हणजे एक घसरगुंडी, एक मोडका पाळणा आणि उरलेलं सगळं गाजरगवत. त्या बागेची रस्त्याकडची भिंत म्हणजे मी.

माणसांशी माझी ओळख जन्माच्या वेळीच झाली. ठेकेदाराचा माणूस सिमेंट कमी आणि वाळू जास्त मिसळत होता, आणि वर गवंड्याला म्हणत होता, "भिंतीला काय कळतंय?" भिंतीला सगळं कळतं. माझा एक कोपरा अजून भुरभुरतो आणि दर वेळी तो माणूस मला आठवतो. माझ्या पायातच संशय घातलाय म्हणा ना.

पुढं जो आला तो गोड बोलत आला आणि मला वापरून गेला. कुणी बियाण्याची जाहिरात रंगवली, कुणी मूळव्याधीवरचा खात्रीशीर इलाज. त्या इलाजवाल्याचा फोन नंबर माझ्या अंगावर होता, पण तो माणूस पुन्हा गावात दिसला नाही. जीपमधून उतरलेले लोक तर माझ्याकडं तोंड करून काय करायचे, ते मी सांगत नाही. तुम्हीही प्रवास करता. ते थांबावं म्हणून कुणीतरी देवांच्या फरशा बसवल्या. लोक देवाला नमस्कार करून थोडं पुढं सरकून उभे राहायला लागले.

आणि मग व्यंकट. जीपस्टँडवर कोणती जीप आधी भरायची, कोणती मागून, हे व्यंकट ठरवतो. त्याचं प्रत्येक वाक्य 'दादा'पासून सुरू होतं. हे दादा कोण ते मी कधी पाहिलं नाही, पण त्यांचा वाढदिवस मात्र वर्षातून मला दोनदा आल्यासारखा वाटायचा. निवडणूक लांब असली तरी व्यंकट चुन्याची बादली घेऊन यायचा, मला पांढरं करायचा आणि मोठ्या अक्षरांत लिहायचा, 'राखीव'. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच.

एवढ्या माणसांत एकटी नागूबाई माझ्याकडं काही न मागता यायची. शेरडं राखणारी म्हातारी. दुपारी शेरडं बागेत सोडायची आणि माझ्या सावलीला टेकून भाकरी खायची. सुरुवातीला मला तिचाही संशय आला. वाटलं, ही एक दिवस माझ्यावर गोवऱ्या थापणार. तिनं कधी थापल्या नाहीत. उलट तीच माझ्यापेक्षा संशयी निघाली. भाकरीच्या फडक्याला दोन गाठी मारायची, शेरडांवरही विश्वास नाही म्हणून. कुणी रामराम घातला तरी आधी त्याच्याकडं नीट बघायची आणि मग उत्तर द्यायची. आमचं जमलं ते यामुळंच असावं. तिच्या पाठीनं माझा रंग झिजला आणि तिथं ती गुळगुळीत जागा झाली.

तिच्या मनात एक गोष्ट मात्र सलत होती. तिचा धाकटा भाऊ बलभीम, शेजारच्या गावात राहणारा. त्याच्या मुलीच्या लग्नात सगळ्या आत्यांना मानाची साडी दिली आणि नागूबाईची विसरली. ती उठून आली, त्यानंतर भावानं पाऊल टाकलं नाही आणि हिनंही नाव काढलं नाही. नाव काढत नव्हती, पण त्या गावाहून जीप आली की उतरणारा प्रत्येक माणूस निरखायची. मी शेजारीच होते, मला दिसायचं.

मग चैत्रात परीक्षा संपल्या आणि पोरंपोरी आली. अकरावीतली शिवरंजनी पुढं, तिच्या वर्गातला मल्हार मागं, आणखी चौघंपाच. म्हणे बागेच्या भिंती रंगवायच्या, परवानगी काढलीय. त्यांनी आधी मला धुतलं. आजवर मला कुणी धुतलं नव्हतं. बरं वाटलं, नाही म्हणत नाही. पण बोकडाला आंघोळ कधी घालतात, हे नागूबाईच्या शेजारी राहून मला चांगलं ठाऊक होतं.

मल्हारनं खडू काढला तेव्हा मी म्हटलं, आता हा बदाम काढणार आणि त्यात दोन अक्षरं लिहिणार. त्यानं खालच्या कडेनं झेंडूच्या फुलांची रांग काढली. तरी मी वाट बघत होते. बदाम नंतरही काढता येतो.

व्यंकटही येऊन उभा राहिला. "कुणाच्या पार्टीचं हाय हे?"

"कुणाच्याच न्हाय," शिवरंजनी म्हणाली.

"तुमच्या मागं कोण हाय मग?"

"कोणच न्हाय, काका."

"कोणच न्हाय, असं असतंय व्हय?" व्यंकट म्हणाला. त्या एका बाबतीत मी आणि व्यंकट एकमताचे होतो.

शिवरंजनी नागूबाईसमोर येऊन बसली. "आज्जी, तुमचं चित्र काढू का भिंतीवर? जरा फोटो घेते."

"फोटू?" नागूबाईनं पदर तोंडावर ओढला. "फोटू काढून माझं रेशन बंद करतीस व्हय? मागं एकानं अंगठा घेतला तवा चार म्हैने गहू मिळाला न्हाय."

पोरगी हसली आणि उठून गेली. पण मी तिच्यावर नजर ठेवून होते. ती पलीकडं पाळण्यावर बसायची, वहीत रेघा मारायची आणि मधूनच नागूबाईकडं चोरून बघायची. मला ते मुळीच आवडलं नाही. सांगावंसं वाटलं म्हातारीला, पण भिंतींना कान असतात, तोंड कुठं असतं?

नागूबाई येरमाळ्याला गेली. येडेश्वरीची चैत्रातली जत्रा, चुनखडी वेचून देवीला वाहायची, आणि लेक तिथंच दिलेली, म्हणून राहायला गेली. इकडं शिवरंजनीनं शिडी लावली. आधी मागं पिवळाधमक सूर्य काढला. मग त्यात कपाळ, मग डोळे, मग ते बाकदार नाक. संध्याकाळी माझ्या अंगावर नागूबाई होती. ओठ मिटलेले, नजर समोर, डोक्यामागं पिवळा गोल, खाली झेंडूची रांग आणि कोपऱ्यात शिवरंजनीचं नाव आणि तारीख.

पोरीला आपण काय करून ठेवलं ते कळलं नाही. मलाही नाही. पण आमच्या गावात भिंतीवर दोनच माणसांचे चेहरे येतात. एक पुढाऱ्याचा, आणि दुसरा वारलेल्याचा. नागूबाई पुढारी नव्हती.

सकाळी पहिल्या जीपचा ड्रायव्हर खाली उतरला, चित्राकडं बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. "आरं, नागूबाई गेली का काय?" म्हातारी स्टँडवर दिसत नव्हती, तारीख लिहिलेली होती, फुलंही होती. आणखी काय पुरावा हवा? कुणीतरी खिळा ठोकला, माझ्या अंगात, आणि हार अडकवला. कुणी उदबत्ती लावली. जीपा बातमी घेऊन चारी दिशांना गेल्या.

दुपारी बलभीम आला. बायको धुरपदाबाई सोबत, तिच्या डोक्यावर दुखवट्याच्या घरी नेतात ती भाकरीची पाटी. घरी कुलूप बघून दोघं तशीच इकडं आलेली. चित्र बघताच तो माझ्या पायाशी कोसळला. "अक्का गं! अक्का, एकदा तरी बोलायचं हुतंस गं!" कपाळ माझ्यावर आपटत होता. मला वाटलं, नाटक आहे. अशी रडणारी माणसं मी निवडणुकीत हरल्यावर बघितली आहेत. पण याचं पाणी माझ्या पायात मुरत होतं, आणि खऱ्या खोट्या पाण्यातला फरक भिंतीला कळतो.

व्यंकटनं संधी साधली. "जित्या माणसांच्या बागेत सुतक कशाला? पुसून टाकू," असं म्हणत तो चुन्याची बादली घेऊन आला. नागूबाई गेली की आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त माझा तुकडा परत हवा होता. शिवरंजनी धावत आली आणि माझ्यापुढं हात पसरून उभी राहिली. "काका, आज्जी येरमाळ्याला गेल्यात! वारल्या न्हाईत! पुसू नका!" तिचं ऐकतंय कोण? मल्हारनं बादली धरली, व्यंकटनं ओढली, आणि चुना रस्त्यावर सांडायला लागला.

तेवढ्यात येरमाळ्याकडची माणसं घेऊन धाराशिवची एसटी आली. पिशवी सांभाळत नागूबाई उतरली. गर्दी बघितली, रडणं ऐकलं, गर्दीत घुसली आणि विचारलं, "कोण गेलं रं?"

तिनं वर बघितलं. स्वतःचा चेहरा, त्यावर हार. मग खाली बघितलं. भाऊ.

बलभीम उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. "अक्का... तू... हैस?"

"हाय न्हाय तर काय," नागूबाई म्हणाली. "जित्या बहिणीकडं यायला तुला जीप घावली न्हाय. मेल्यावर बरी घावली रं, बलभीमा?"

तो खाली मान घालून उभा राहिला. धुरपदाबाईनं पाटी खाली ठेवली आणि नणंदेचे पाय धरले. "वन्सं, चुकलं आमचं. साडी तवाची ट्रंकेत तशीच हाय. आणायचं तोंड न्हवतं."

नागूबाईनं वाकून तिला उठवलं. मग तिनं व्यंकटची बादली बघितली. "ह्यात काय हाय?"

"चुना. पुसतोय चित्र. अपशकुन हाय."

"देवीच्या रानात चुना येचून आले, आन तू माझ्याच तोंडाला चुना लावतोस व्हय?" ती गर्दीकडं वळली. "कावळा शिवला तर काय करतेत? मेल्याचा खोटा सांगावा धाडतेत का न्हाय? सोयरे रडले की इडापिडा टळती. ह्या पोरीनं सांगावा बी न धाडता माझं काम केलं. माझा भाऊ रडला. आवुक्ष वाढलं माझं. ऱ्हाऊ द्या चित्र."

कावळ्याची गोष्ट गावात सगळ्यांनाच ठाऊक. व्यंकट बादली घेऊन मागं सरला.

मग ती शिवरंजनीकडं गेली. पोरगी रडत होती. "गप. आधी सांग, कानात बुगड्या कुठनं आणल्यास? माझ्या कवाच मोडल्या."

"मला वाटलं, छान दिसतील."

नागूबाईनं चित्र बघितलं, नीट बघितलं. "ऱ्हाऊ दे बुगड्या. पर तोंड उघडं काढ माझं. मेलेली माणसं भिंतीवर तोंड मिटून बसतेत. म्या कधी गप बसले का?"

दुसऱ्या दिवशी शिवरंजनीनं ओठ उघडले. दात काढले, एक पडलेला. झेंडूच्या जागी मल्हारनं शेरडं काढली. आता नागूबाई माझ्या अंगावरून शेरडांना ओरडते, आणि जीपमधून उतरून माझ्यासमोर उभा राहणारा माणूस दचकून पुढं निघून जातो. देवांच्या फरशांना जे जमलं नाही ते तिला जमलं.

भाऊ बाजाराच्या दिवशी यायला लागला. दोघं माझ्या सावलीत भाकरी खायची. साडीही आली, घडीची रेघ पिवळी पडलेली. ती नेसून नागूबाई जीपस्टँडवर उगाचच एक चक्कर मारून आली.

मग दीड-दोन वर्षांनी, या थंडीत एका दुपारी शेरडं आली, पण त्यांच्यामागं बलभीम होता. तो त्या गुळगुळीत जागेवर बसला नाही. शेजारी बसला. व्यंकटनं टोपी काढली. "गेली म्हणतेत," तो जीपवाल्यांना म्हणाला. "आता न्हाय फसत आमी," एकजण हसला, आणि बलभीमकडं बघून त्याचं हसू थांबलं. कुणीतरी हार आणला. जुना खिळा अजून माझ्यात होता. बलभीमनं हात आडवा केला. "नगं. तोंड उघडं हाय तिचं. बोलू द्या तिला." आणि मग तो रडला, पण या वेळी आवाज न करता.

शिवरंजनी आता लातूरला शिकायला आहे. ती येऊन गेली, रंग उडालेला होता तो भरून गेली, माझ्या अंगावरून हात फिरवून गेली. मी तिचा संशय घेतला नाही. एवढी सवलत फक्त तिला.

बाकी तुम्ही. निवडणूक जवळ आली आहे, व्यंकटची बादली मी पाहिली आहे. तुम्हीही बादली घेऊनच आला आहात. काय रंगवायचं ते पलीकडं रंगवा, तिथं जागा पुष्कळ आहे. पण नागूबाईला हार घालू नका आणि तिचं तोंड मिटवू नका. ती गेली असं सगळे म्हणतात. असं एकदा सगळे म्हणाले होते. मी ऐकून घेते, पण माझा काही विश्वास बसत नाही. दुपारी धाराशिवची एसटी येते. पिशवी सांभाळत कोण उतरतं, ते मी रोज बघते.