फुंकर

आतून पुन्हा कण्हण्याचा आवाज आला, तसा त्याने दाराकडे नेलेला हात मागे घेतला. तोंडावरचा मास्क उगाच नीट केला आणि भिंतीला धरून तो आपल्या खोलीकडे वळला. रोज असंच होत होतं. डॉक्टरांनी व्हरांड्यात थोडं थोडं चालायला सांगितलं होतं. तो चालायचाही, पण या दारापाशी आला की पाय परत फिरायचे.

दाराआड त्याची थोरली बहीण होती. तिची एक किडनी आता त्याच्या पोटात होती आणि चोख काम करत होती. त्याच्या चेहऱ्यावरची सूज उतरली होती, कधी नव्हे ती भूक लागत होती. आणि धडधाकट चालत इथे आलेली ताई भिंतीपलीकडे कण्हत होती.

"फिरलात परत?"

नर्स समोर उभी होती. हातात टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची पिशवी.

"झोपली असेल म्हटलं. कशाला उठवा."

"झोपलेलं माणूस असं कण्हतं होय?" ती म्हणाली. "दुखण्यावरचं भारी औषध त्यांना सोसत नाही. उलट्या होतात, मग टाके ओढले जातात. म्हणून ते बंद केलंय. आता बर्फ, उशी आणि श्वास यांच्यावर भागवतोय. आणि कुणीतरी जवळ बसून बोललं, तर त्यांचं लक्ष जरा दुसरीकडे जातं. मला तेवढा वेळ नसतो. हात धुवा आणि चला."

त्याने हात धुतले. तो आत गेला.

ताई उशीला टेकून बसली होती. कपाळावर केस चिकटलेले. त्याला पाहून तिने पदर सारखा केला.

"आलास, बारक्या?"

एवढ्यात तिला खोकला आला. नर्सने झटकन उशी तिच्या पोटावर धरली, ताईचे दोन्ही हात वरून दाबून ठेवले. "आता खोका. घट्ट धरून. हं. आता नाकाने श्वास घ्या आणि हळू सोडा, गरम चहावर फुंकर घालतो तशी." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीही घ्या बरोबर. दोघं असली की लय जमते."

नर्स बर्फाची पिशवी ठेवून गेली. दोघं फुंकर घालत बसली, तो मास्कच्या आतून, ती उघड्या तोंडाने. त्याला तिच्याकडे बघवेना. तो तिच्या हाताकडे बघत राहिला, मग तो हात आपल्या हातात घेऊन अंगठ्याने तळवा चोळू लागला. हात खरखरीत झाला होता. हा हात आपण किती वर्षांत धरला नव्हता, हे त्याला मोजवेना.

नवरा गेल्यावर ती विचारायला आली होती, काही दिवस तुझ्याकडे राहू का म्हणून. 'खोली लहान पडते गं,' तो म्हणाला होता. खोली लहान नव्हती. ती चहाही न घेता परत गेली. पुढे त्याच्या किडन्या बसल्या, तेव्हासुद्धा त्याने स्वतः विचारलं नाही. "वन्सं, तुम्हीच आता," म्हणून फोन बायकोने केला. तो शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकत होता.

"बोल की काहीतरी," ताई म्हणाली. "गप्प बसलं की सगळं लक्ष तिथंच जातं."

दुकानातल्या मिक्सर-पंख्यांच्या दुरुस्तीपलीकडे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. "परवा... म्हणजे ऑपरेशनच्या आधी, एक गृहस्थ मिक्सर घेऊन आले. म्हणाले, यात भूत आहे, बंद असतानाही उचलला की खडखडतो. उघडला तर आत कवळी."

"कुणाची?"

"सासऱ्यांची. महिनाभर घरात शोधत होते."

ताई हसली आणि लगेच कळवळली. त्याने उशी दाबून धरली. कळ ओसरेपर्यंत दोघांनी फुंकर घातली. तिच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली, आणि ते पाहून तो इतके दिवस राहून गेलेलं बोलू लागला.

"ताई, तेव्हा मी खोली लहान आहे म्हणालो ना, ते..."

तिने डोळे मिटले. तिचा श्वास अडकला, बोटं उशीत रुतली.

"ते नको आत्ता."

"मला फक्त एवढंच सांगायचं होतं, की..."

"बारक्या." आवाज शांत होता. "ते तुला बरं वाटावं म्हणून आहे. मला बरं वाटेल असं बोल."

त्याची मान खाली गेली. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. माफ केलं की नाही, हे तिने सांगितलं नाही आणि विचारायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने तिचा दुसरा हात घेतला.

"एक बाई आल्या होत्या," तो म्हणाला. "टेबलफॅन घेऊन. म्हणाल्या, हा फक्त माझ्या नवऱ्याकडेच तोंड करतो."

"मग?"

अशा कुणी बाई कधी आल्याच नव्हत्या. त्याने मास्कच्या आत एक लांब श्वास सोडला आणि पुढचं रचायला घेतलं.