खालची रेघ लांब

उदगीरच्या गंगम्माला अ-आ-ई कधी आलं नाही. शाळेच्या वयात ती म्हशी राखत होती आणि लग्नानंतर खानावळीच्या चुलीपुढं बसली, ती बसलीच. रेशनपासून बँकेपर्यंत तिचा अंगठाच चालायचा. अशा बाईला जपानी अक्षरं यायची म्हटलं तर लोक हसतील. हसा बापडे. यायची, आणि ती तिला तिच्या लेकीनं परातीतल्या पिठात शिकवली होती.

लेक महादेवी, एकुलती. नर्सिंग शिकलेली. जपानात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला पोरी हव्यात असं कळलं आणि तिनं पुण्याच्या एका संस्थेत नाव घातलं. परीक्षेला अक्षरं शेकड्यांनी. आई भाकरी थापायची आणि लेक शेजारी बसून पिठात बोटानं गिरवायची.

"हे बघ अव्वा, मधी माणूस उभा, दोन्ही अंगाला ठिणग्या. 火. म्हंजे आग. एकटं असलं की म्हणायचं 'हि'. दुसऱ्या अक्षराला जोडलं की उच्चार बदलतोय."

"सासरी गेल्यावर पोरीचं नाव बदलत्यात, तसं?"

महादेवी हसून लोटपोट झाली. "तस्संच! पण नाव बदललं तरी पोर तीच. अर्थ बदलत न्हाई."

वर्ष दुष्काळाचं होतं. आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा, तो दिवस महादेवी कॅलेंडरवर पाण्याच्या अक्षरानं मांडून ठेवायची. मातीचं अक्षर तर सगळ्यात सोपं. एक आडवी, एक उभी, खाली आणखी एक आडवी. 土. "खालची रेघ लांब काढ अव्वा. आखूड झाली तर दुसरंच अक्षर होतंय." गंगम्मा पुन्हा पुन्हा काढायची. तव्यावरची भाकरी करपायची, गिऱ्हाईक ओरडायचं, आणि या मायलेकी खिदळायच्या.

महादेवी जपानला गेली. सातव्या महिन्यात, सायकलवरून कामाला जाताना तिला एका गाडीनं उडवलं. जागेवरच गेली.

गंगम्माची चूल विझली. रडून रडून आवाज बसला तरी ती एकच बोलत होती, "माझी लेक बापाशेजारी बसली पाहिजे." त्यांच्यात मेल्या माणसाला अग्नी देत नाहीत. तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून, बसवून मातीत पुरतात. तिचा नवरा शेताच्या बांधाला असाच बसवलेला. त्याच्या शेजारी खड्डा खणायला तिच्या दिरानं, रेवणप्पानं, चार गडी लावले. जमीन इतकी वाळलेली की पहार आपटून मागं यायची. दोन दिवस लागले. टँकरचं जपून ठेवलेलं पाणी गंगम्मानं स्वतः नेऊन गड्यांना पाजलं.

रेवणप्पाला खरं ठाऊक होतं. संस्थेनं फोनवर त्याला सांगितलं होतं, की देह येणार नाही, तिकडंच दहन होईल, राख येईल. तो वाईट माणूस नव्हता. वाईट माणसानं तोंडावर सांगून टाकलं असतं. हा आज सांगू, उद्या सांगू करत राहिला, आणि तिकडं खड्डा खोल होत गेला.

तिसऱ्या दिवशी संस्थेचा माणूस कागद घेऊन आला. बाहेर रस्त्यानं भोंग्याची जीप चालली होती, 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे.' ती लांब गेली. मग रेवणप्पानं शाईचा पॅड पुढं सरकवला.

"वैनी, पोरीला आणायचा कागद हाय. अंगठा द्या."

गंगम्मानं कागद हातात घेतला.

"मावशी, ते जपानीत आहे," तो माणूस म्हणाला.

तिचं बोट ओळीवरून सरकत होतं ते एका जागी थांबलं. मधी माणूस उभा, दोन्ही अंगाला ठिणग्या. त्याला जोडून दुसरं एक अक्षर होतं, ते तिला येत नव्हतं. जोडीनं उच्चार काय होतो तेही ठाऊक नव्हतं. पण अर्थ बदलत नाही, हे तिला लेकीनंच सांगितलं होतं.

"भावजी, हितं आग लिवलीय."

संस्थेच्या माणसानं रेवणप्पाकडं पाहिलं. रेवणप्पानं मान खाली घातली. "माझ्या तोंडातून निघंना, वैनी."

"आन् खड्डा खणताना बघत बसलाव?"

त्याला रडू फुटलं. ती त्या माणसाकडं वळली. "तशीच न्हाई का आणता येणार?"

"खूप दिवस जातील, मावशी. अपघातातला देह आहे. हाल होतील तिचे." हे मात्र त्यानं खरं सांगितलं.

गंगम्मानं कागद मांडीवर घेतला. "या ठिणग्या म्या माझ्या बोटानं गिरवल्या की गं माय," एवढंच म्हणाली आणि ऊर फुटेस्तोवर रडली. मग डोळे पुसून तिनं अंगठा दिला.

त्या माणसानं हात पुढं केला, पण तिनं कागद सोडला नाही. बोट शाईत बुडवलं आणि अंगठ्याच्या शेजारी एक आडवी काढली. एक उभी काढली. मनगट दुसऱ्या हातानं घट्ट धरलं आणि खालची रेघ चांगली लांब ओढली, पार कागदाच्या कडेपर्यंत.

"हे काय केलं, मावशी?"

"तिथल्या लोकांला वाचता येतंय," गंगम्मा म्हणाली. "राख तिकडं कुटं ठिवू नगा म्हणावं. खड्डा खणून ठिवलाय."