टाकीच्या आडोशाची जागा

"टीव्हीला पट्टी लावून काय मोजतोस रे? शिंपी झालास का?" नाना म्हणाले.

मी त्यांच्या नव्या टीव्हीच्या काचेवर सहा इंची पट्टी धरून उभा होतो. बातम्या देणाऱ्या बाईंच्या उजव्या बाजूला त्यांचीच एक फिकट आकृती दिसत होती. नाकाशेजारी नाक, कानातल्या कुडीशेजारी कुडी. दोन्हींमधलं अंतर दीड सेंटिमीटर भरलं.

"सावली पडतेय, नाना."

"ती मलाही दिसते. कुणामुळे पडते ते सांग."

कशामुळे, असं त्यांनी विचारलं नाही.

नाना आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची तीन मजली इमारत आहे. तिच्यात सोळा बिऱ्हाडं. चौऱ्याहत्तर सालच्या सुरुवातीला नानांनी टीव्ही आणला आणि त्याची अँटेना गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर, सगळ्यात उंच जागी, उभी केली. इमारतीतला हा दुसरा टीव्ही. पहिला वर्षभर आधी तळमजल्यावरच्या अंबादास रणपिसे यांच्याकडे आला होता.

अंबादासकाका भांडुपच्या एका कारखान्यात वायरमन होते. टीव्ही घ्यायला ते मला घेऊन गेले होते, कारण मी फिजिक्सचा बी.एस्सी., नुकताच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलेलो. पण दुकानात मला काही करावंच लागलं नाही. त्यांनी दुकानदाराला मागचं झाकण उघडायला लावलं, खिशातला टॉर्च काढला आणि एकेक डाग देऊन जोडलेला सांधा पाहिला. तीन सेट त्यांनी नाकारले. "चित्र सगळ्यांचंच चांगलं दिसतं दुकानात," ते म्हणाले. "सहा महिन्यांनी कुठला सांधा सुटेल ते बघायचं."

अँटेनाची जागा शोधायला त्यांना आठ रविवार लागले. मी दांड्यांची लांबी काढून दिली, ते बांबूला अँटेना बांधून गच्चीभर हिंडले. शेवटी उंच जागा सोडून त्यांनी टाकीच्या आडोशाला, जवळजवळ कोपऱ्यात, जागा पक्की केली. टाकीच्या भिंतीत लोखंडी क्लॅम्प बसवला. तिथं चित्र आरशासारखं आलं.

"उंचावर का नको, काका?"

"तिथं डोंगर दिसतो तिला," ते म्हणाले. "इथं टाकी आड येते. नुसता वरळीचा टीव्ही टॉवर दिसतो."

त्यांच्याकडे सूत्र नव्हतं. मला ते नंतर सुचलं.

त्या वर्षी दर रविवारी सिनेमाला त्यांच्या दोन खोल्यांत पंचवीस-तीस माणसं मावायची. बुद्धाच्या तसबिरीखाली टीव्ही, समोर सतरंजी, दारात चपलांचा ढीग. मध्यंतराच्या बातम्यांना द्रौपदीकाकू विचारायच्या, "चहा टाकू?" आणि सगळे एका सुरात म्हणायचे, "नको नको, आत्ताच घेऊन आलोय." मी एकदा घेतला होता. आईला सांगितलं नाही.

"चार वर्षं राहतोय इथं," अंबादासकाका एकदा गच्चीवर नट आवळताना म्हणाले होते. "नाना आमच्या उंबऱ्याच्या आत आले ते टीव्ही आल्यावर. वरच्या मजल्यावरच्या कमळीचा नवरा आला, देसाई आले. पोरगी, मीरा, म्हणते, बाबा, आता आपल्याकडे पण लोक येतात." मग पान्हा खिशात टाकून म्हणाले, "हा सेट मी जपणार बघ."

आणि ते जपत होते. ओलं फडकं काचेला लावू देत नव्हते. व्होल्टेज नीट होईपर्यंत स्टॅबिलायझरच्या काट्याकडे बघत बसायचे, खोलीभर माणसं खोळंबलेली असली तरी.

नानांच्या सावलीचं गणित मी त्याच संध्याकाळी घरी सोडवलं. पडद्यावरची एक रेघ डावीकडून उजवीकडे किती वेळात काढली जाते ते माहीत होतं. पडद्याची रुंदी माहीत होती. दीड सेंटिमीटर मागे पडायला लहर सुमारे सहाशे मीटर जास्त चालून आली पाहिजे. म्हणजे ती आपल्या गच्चीवरून पुढे जाते, तीनशे मीटरवर कशावर तरी आपटते आणि परत येते. मी खिडकी उघडली. तेवढ्याच अंतरावर दगडाच्या खाणीने उभा कापलेला डोंगराचा कडा होता.

दोन अँटेनांमधलं अंतर मी टेपने मोजलं, नऊ मीटर. अंबादासकाकांच्या अँटेनामुळे सावली पडली असती तर ती अर्ध्या मिलिमीटरनेसुद्धा बाजूला दिसली नसती. मला फार आनंद झाला होता. इतकं स्वच्छ उत्तर प्रयोगशाळेतही सहसा मिळत नाही.

रविवारी सकाळी गच्चीवर मीटिंग भरली. कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. निघताना आई म्हणाली, "नानांच्या तोंडाला लागू नकोस. आपल्याला इथंच राहायचंय."

"बाकीचं मला माहीत नाही," नाना सगळ्यांना सांगत होते. "पण शेजारी याची काठी, आणि माझ्या पडद्यावर एकाच्या दोन बाया. दोन आणि दोन चार होतात."

"दोन बाया फुकट मिळतात तर घ्या की, नाना!" देसाई म्हणाले. सगळे हसले. नाना हसले नाहीत.

अंबादासकाका पुढे झाले. "नाना, तुमची टाकीवरून खाली घ्या. माझ्या शेजारी लावा. टाकी लांब आहे, दोन्ही मावतात. डोंगर आड गेला की चित्र सुधारेल. मी लावून देतो."

"तुझ्या शेजारी?"

"हां. जागा आहे."

"म्हणजे सेक्रेटरीनं कोपऱ्यात जायचं, आणि तू शिकवणार!" नानांनी माझ्याकडे बोट केलं. "विद्याधर, तू सायन्सवाला. पट्टी लावून मोजलंस ना? सांग सगळ्यांसमोर. याच्या अँटेनामुळे माझं चित्र बिघडू शकतं की नाही?"

सोळा बिऱ्हाडं माझ्याकडे बघत होती. अंबादासकाकाही बघत होते, निवांत. उत्तर काय येणार याची त्यांना खात्री होती.

"शक्यता अगदीच नाकारता येत नाही," मी म्हणालो.

विज्ञानात हे वाक्य जवळजवळ कशाबद्दलही खरं असतं.

"झालं!" नाना म्हणाले. "खाली खिडकीच्या गजाला लाव रे बाबा तुझी. गच्ची सगळ्यांची आहे." कुणी हरकत घेतली नाही. ठराव दोन ओळींचा झाला.

अंबादासकाकांनी अँटेना स्वतःच उतरवली. नट एका डबीत टाकले, चपटी वायर हाताभोवती गुंडाळली. क्लॅम्प काढायला पान्हा लावला तेव्हा नाना म्हणाले, "तो राहू दे. भिंत उकरू नकोस. टाकी गळेल."

ते थांबले. क्लॅम्प तसाच ठेवून खाली गेले.

त्याच दुपारी वाऱ्याने नानांची अँटेना टाकीवरून खाली पडली. तीन दिवसांनी ती लावायला त्यांचा माणूस आला. टाकीवर चढायला त्याला शिडी पुरेना. खाली तयार क्लॅम्प दिसला तसा त्याने अँटेना तिथंच बसवून टाकली. सावली गेली. बाईंना एकच नाक राहिलं.

"बघा! त्याची काठी काढली आणि साफ झालं!" नानांनी हाक मारून मला बोलावलं, पाठीवर थाप मारली. "आपला सायंटिस्ट! एका वाक्यात निकाल लावला."

त्या रविवारी सिनेमाला सगळी इमारत नानांकडे होती. मध्यंतरात चहा आला. सगळ्यांनी घेतला, मीही घेतला.

पुढच्या रविवारी मी तळमजल्यावर गेलो. दाराबाहेर एकही चप्पल नव्हती. खिडकीच्या गजाला अँटेना आडवी बांधली होती. पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या, आवाज मात्र स्वच्छ येत होता. द्रौपदीकाकू आणि मीरा सतरंजीवर बसल्या होत्या. काका खुर्चीवर होते.

"ये," ते म्हणाले.

मी घडी उलगडून कागद पुढे केला. "काका, तुमच्या अँटेनाचा काहीच दोष नव्हता. हे गणित बघा. सावली खाणीच्या कड्याची होती. तुम्ही म्हणत होता तेच. मी नानांना सांगतो, तुमची पुन्हा वर..."

त्यांनी चष्मा लावला. मला वाटलं, आकडे वाचतील, कडा, सहाशे मीटर, नऊ मीटर. मी समजावून सांगायच्या तयारीत होतो. पण त्यांचं बोट कागदाच्या उजव्या कोपऱ्यात गेलं आणि तिथंच थांबलं. प्रॅक्टिकलच्या जर्नलची सवय. मी तारीख घातली होती.

"चौदा," ते म्हणाले. "गुरुवार."

"हो."

"मीटिंग सतराला झाली."

द्रौपदीकाकूंनी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

काकांनी कागदाची पहिल्याच घडीवर घडी घातली, तो माझ्या हातात दिला, चष्मा काढून पुसला आणि खुर्ची टीव्हीकडे वळवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मीरा, आवाज वाढव जरा."

तिनं बटण फिरवलं. सिनेमात कुणीतरी मोठ्याने हसत होतं. मुंग्यांकडे बघत ती तिघं, हसणारा कोण असेल, याचा अंदाज बांधत होती.