पिस्ता रंगाची गाडी

शिंपीकाकांच्या बायकोचा त्या गोल दिव्यांच्या, जुन्या वळणाच्या छोट्या गाडीवर भारी जीव. रस्त्यात तशी दिसली की ती मान वळवून बघत राहायची. हल्ली मात्र तिला माणसंही ओळखू येईनाशी झाली होती. गाडी बघून तरी काही आठवेल, या आशेवर काकांनी एक वापरलेली, पिस्ता रंगाची गाडी घेतली. मालकाने सीटची उसवलेली शिवण दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "ते माझ्याकडे लागलं."

दुपारी त्यांनी तिला खाली आणलं. "बघ, तुझी गाडी!" त्यांनी पुढचं दार उघडून धरलं, पण ती मागच्या सीटवर जाऊन बसली.

"भाऊ, मला माहेरी सोडा," ती म्हणाली. "आई वाट बघत असेल."

आईला जाऊन जमाना लोटला होता. समजवायला गेलं की ती रडायची, म्हणून काकांनी गाडी सुरू केली आणि अंधार पडेपर्यंत तिला गावभर फिरवलं.

घराशी उतरताना तिने विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं, भाऊ?"

"बायको आहे," काका म्हणाले आणि तिचा हात धरून जिना चढू लागले.